सत्तर अंश दक्षिणेची खोली

ऑगस्टमधल्या एका सोमवारी मी सरांना सांगितलं, की जिन्याखालच्या खोलीत दोन महिने रोज दिवा लागत होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “किती वाजता?”

त्या दिवसानंतर सरांनी प्रयोग केला नाही.

एवढ्यावरून कुणाला काही कळायचं नाही. खोलीत दिवा लागला तर बिघडलं काय, असं कुणीही म्हणेल. म्हणून आधी सर कोण होते आणि ती खोली कसली होती ते सांगायला हवं. मला भराभर लिहिता येत नाही. सरांबद्दल तर नाहीच.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी तिथेच सहायक ग्रंथपाल होते आणि गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत, ते असेपर्यंत, चौदा वर्षं भाड्यानं राहिले. कॉलेजात ते मला ‘ग्रंथपालबाई’ म्हणत आणि ‘तुम्ही’ म्हणत. घराचं फाटक ओलांडलं की ‘अगं’ आणि ‘तू’. ही सीमा त्यांनी कधी चुकवली नाही. एकदा फाटकातच उभी असताना मला काही विचारायचं होतं, तर ते म्हणाले, “आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा. मला क्रियापद ठरवता येईना.”

इतर प्राध्यापक वर्गात आल्यावर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहितात, तिथे सर त्या दिवसाची लांबी लिहीत. अकरा तास चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी अकरा तास एकेचाळीस. नवीन मुलांना ते कळायला आठवडा लागे. कॅलेंडरात सूर्योदय छापलेला असतो, पण तो मुंबईचा, आणि मुंबईच्या सूर्यावर विसंबायला सर तयार नव्हते. ते रोज पहाटे घड्याळ घेऊन गच्चीवर उभे राहत. पूर्वेला तीन मजली इमारत उठली तेव्हा ते बिल्डरकडे गेले आणि म्हणाले, “तुम्ही माझा सूर्योदय चार मिनिटांनी पुढे ढकललात.”

बिल्डर हुशार होता. “मग फ्लॅट घ्या ना सर. तिसऱ्या मजल्यावर एकदम वेळेवर दिसतो.”

सरांनी फ्लॅट घेतला नाही. वहीत मात्र त्या दिवसापासून एक नवा रकाना आला : ‘इमारतीमुळे वजा’.

नाशिकचा सगळ्यांत लहान दिवस अकरा तासांना थोडा कमी, आणि सगळ्यांत मोठा सव्वातेरा तासांना थोडा जास्त. सर म्हणत, आपला उजेड नोकरदार आहे. थोडा उशीर, थोडी घाई, पण रोज हजर. ध्रुवाकडचा उजेड तसा नाही. तो काही महिने घर सोडत नाही आणि काही महिने फिरकत नाही. हे सांगताना एकदा त्यांनी वर्गातल्या सुरगाण्याच्या मुलीला उभं केलं. तिच्या घरचे भात आणि नागलीची कामं आटोपली की पिंपळगावकडे द्राक्षबागांत मजुरीला उतरत.

“तुमच्याकडे उन्हाळ्यात काय खातात?” सरांनी विचारलं.

“कामावर असलो तर पोटभर, सर. गावात असलो तर बेतानं.”

“आणि बेत कधी करता? धान्य संपल्यावर?”

“संपल्यावर कसा करणार? आधीच करावा लागतो.”

“बस खाली,” सर म्हणाले. “पुस्तकातली चार पानं झाली.”

मग त्यांनी क्रिलचं सांगितलं. क्रिल म्हणजे दक्षिणेच्या गोठलेल्या समुद्रातला, कोळंबीसारखा दिसणारा, बोटाएवढा प्राणी. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही; पाण्यात सूक्ष्म वनस्पती माजतात आणि क्रिल खाऊन खाऊन अंगात चरबी धरतो, अंडी घालतो. हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, पाण्यात फारसं अन्न उरत नाही. तेव्हा क्रिल खाणं कमी करतो, चरबीवर जगतो आणि लहान होतो. कात टाकतो ती पुढच्या वेळी आधीच्यापेक्षा लहान. मादी पुन्हा अल्पवयीन दिसू लागते. आणि ही तयारी अन्न संपल्यावर सुरू होत नाही. दिवस आखडू लागला की सुरू होते. बर्फ मागेपुढे होतो, थंडी कमीजास्त होते, दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्या तारखेला तेवढीच. “समुद्रात विश्वास ठेवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे,” सर म्हणत. हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलं. “लहान होणं ही पण एक अक्कल आहे,” हे त्याच्या खालोखाल.

सरांनी लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये कुणी विषय काढलाच तर ते सीलच्या मादीचं उदाहरण देत. तिच्या पोटात गर्भ धरतो, पण तो काही आठवडे तसाच थांबून राहतो, वाढत नाही. पिल्लू योग्य ऋतूत यावं म्हणून. थांबायचं कधी आणि वाढायचं कधी हे ती बहुधा दिवसाच्या लांबीवरून ठरवते. “मीही तसाच थांबलो होतो,” सर म्हणत. “पुढचा निरोप आला नाही.”

क्रिल त्यांनी कधी जिवंत पाहिला नाही. पाहणार होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकाला जाणाऱ्या एका मोहिमेत त्यांचं नाव लागलं होतं. कॉलेजात पेढे वाटून झाले. चांदवडहून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, लोकर आणून स्वेटर विणून पाठवला. वैद्यकीय तपासणीसाठी ते दिल्लीला गेले आणि आठ दिवसांनी परत आले. स्टाफरूममध्ये म्हणाले, “जागा भरली,” आणि तास घ्यायला गेले. खरं कारण मला दोन वर्षांनी कळलं, त्यांच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या दिसल्या तेव्हा. काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब वाढून नजर कडेकडेनं खात जातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. दिल्लीच्या डॉक्टरांनी तो पकडला नसता तर त्यांना स्वतःला कळायला आणखी काही वर्षं लागली असती. “मोहिमेचा मला एवढा उपयोग झाला,” ते म्हणाले. तो स्वेटर ते नाशिकच्या थंडीत घालत. नाशिकला तो जास्तच होई. कपाळावर घाम यायचा, पण काढत नसत.

दक्षिणेला जाता येईना तेव्हा त्यांनी दक्षिण घरी आणली.

घरात जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली होती. बांधताना ती देवघरासाठी ठेवली होती, कारण तेव्हा त्यांची आई होती. भिंतीत समईपुरती एक देवळी होती. आई गेल्यावर सरांनी देव स्वयंपाकघरातल्या फळीवर नेले आणि त्या खोलीत काचेची टाकी ठेवली. वर दोन ट्यूबा बसवल्या, त्यांना वेळ लावायचं घड्याळ जोडलं, आणि दारावर एक पुठ्ठा अडकवला : ‘७०° द.’ दर रविवारी सकाळी ते घड्याळाची वेळ बदलत, दक्षिणेला सत्तर अंशावर त्या आठवड्यात जेवढा दिवस असेल तेवढी. डिसेंबरात खोलीत चोवीस तास उजेड. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अंधार. तेव्हा आत जायचंच झालं तर फोटो धुणाऱ्यांकडे असतो तसला लाल दिवा, कारण तो पाण्यातल्या अशा प्राण्यांना जवळजवळ दिसत नाही. जेवणाच्या टेबलापाशी, खिडकीत, दुसरी टाकी होती. ती नाशिकची.

दोन्ही टाक्यांत गोदावरीतले झिंगे होते. सोमेश्वरच्या खालच्या बाजूला जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून सर ते आणत. तो म्हणे, “सर, एवढुशे झिंगे घेऊन काय करता? चटणी बी होणार नाय.”

“खायचे नाहीत बाबा. त्यांना एक विचारायचंय.”

विचारायचं होतं ते असं : ज्या प्राण्यानं पिढ्यान्पिढ्या अकरा ते सव्वातेरा तासांचाच दिवस पाहिला, त्याला दोन महिन्यांची रात्र दाखवली तर तो क्रिलसारखा वागेल का? खाणं कमी करेल, कात उशिरा टाकेल, अंडी धरणं थांबवेल? की स्वतःच्या आतल्या कॅलेंडरावर चालत राहील? सर रोज टाकीच्या तळातून कात वेचून मोजत, अंडी धरलेल्या माद्या मोजत. पहिली दोन वर्षं वाया गेली. एका वर्षी झिंगे मेले, दुसऱ्या वर्षी लोडशेडिंगनं चोवीस तासांच्या उन्हाळ्याचे तुकडे तुकडे केले. मग सरांनी प्रॉव्हिडंट फंडातून इन्व्हर्टर घेतला. दूधवाला म्हणाला, “गल्लीत अंधार आन तुमच्या झिंग्यांना लाईट! पुढच्या जन्मी तुमच्याकडंच पाठव म्हणावं देवाला.”

ज्या वर्षाचं मी सांगते आहे ते तिसरं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. सरांचा उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डाव्यानं भिंग धरून ते कात मोजत. त्या वर्षीच्या नोंदींवरून त्यांनी गोव्याला भरणाऱ्या एका परिषदेत निबंध वाचायची परवानगी मागितली होती, आणि ती मिळाली होती. तिथे दक्षिणेला जाऊन आलेली माणसं येणार होती. सरांनी माझ्याकडून रेल्वेचं आरक्षण करून घेतलं आणि विचारलं, “गोव्यात स्वेटर चालेल का गं?” मी म्हणाले, नाही चालणार. ते म्हणाले, “बॅगेत तर ठेवू.”

मेच्या शेवटी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दाब आटोक्यात राहावा म्हणून होतं. नजर वाढणार नव्हती. खोलीत अंधार सुरू होऊन आठवडा झाला होता. अक्का चांदवडच्या एसटीनं आली. एका हातात पिशवी, मागे कंडक्टरनं उतरवून दिलेलं कांद्याचं अर्धं पोतं. सत्तरीची, काटक. दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, “झिंगे अंधारात पाळतो आन सोता उजेडात बसून आंधळा होतो. शिकलास तेवढं चुकलंच म्हनायचं, बापू.”

ती सरांना बापू म्हणायची. सरांना दरडावून बोलणारं जगात तेवढं एकच माणूस होतं आणि त्यांना ते आवडत असावं, कारण अक्का आली की ते दोन पोळ्या जास्त खात.

त्या खोलीवरून दोघांचं पहिल्याच दिवशी वाजलं.

“देवाची खोली हाय ती. तिन्हीसांजेला तिथं अंधार?”

“देव स्वयंपाकघरात आहेत अक्का.”

“देव हलवले. जागा कुठं हलवली?”

“दोन महिने त्या दाराला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे.”

“तुझी शपथ कशाला घालतो मेल्या, दवाखान्यात चाललाय तर!” असं म्हणून अक्कानं डोळ्याला पदर लावला, आणि विषय तिथे संपला असं आम्हां दोघांना वाटलं.

ऑपरेशन झालं. दहा दिवस सरांच्या डोळ्यावर पट्टी होती. झिंग्यांना खायला घालायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी लाल दिव्यात मी आत जाई आणि खाणं टाकून बाहेर येई. मी कात मोजू का, असं विचारलं तर सर नको म्हणाले. “मोजणारा बदलला की मोजमाप बदलतं.” त्या दहा दिवसांच्या रकान्यात पुढे त्यांनी लिहिलं : ‘मोजले नाही.’

जूनच्या मध्यावर एकदा मी वाचनालयातून रोजच्यापेक्षा तासभर लवकर, सातच्या सुमारास घरी आले. सर पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. मी मागच्या दारानं आत शिरले तेव्हा जिन्याखालच्या खोलीतून अक्का बाहेर येत होती. पदराखाली काडेपेटी होती. माझ्याकडे पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. दार लोटलेलं होतं, पण फटीतून पिवळा उजेड दिसत होता आणि तिळाच्या तेलाचा वास येत होता. देवळीत पणती होती.

“अक्का, हे कधीपासून?”

“आले तवापास्नं. चार थेंब तेल असतं गं. घटकाभर तेवती आन जाती विझून.”

“पण सरांनी सांगितलं होतं...”

“त्यानं झिंग्यांचं सांगितलं. मी काय झिंग्यांसाठी लावती व्हय? त्याच्या डोळ्यांसाठी लावती. आईनं त्या देवळीत कधी अंधार पडू दिला नाय.” मग तिनं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता. “तू सांगू नको हां बाई. पट्टी नुकती सुटलीय. रागावला तर डोळ्यात दाब चढंल त्याच्या.”

मी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही याची कारणं मी नंतर अनेकदा मांडून पाहिली. अक्काचा हात. सरांचा डोळा. घटकाभराच्या पणतीनं काय होतं, हा विचार. यांतलं प्रत्येक कारण त्या वेळी खरं होतं. अक्काला उजेडाचं कळत नव्हतं असंही नाही. कांद्याच्या शेतात तिचा जन्म गेला होता. दिवस लांबायला लागला की कांदा पोसतो, आणि परदेशी बियाणं आणलं तर नुसती पात वाढते, गाठ धरत नाही, कारण त्याला हवा तेवढा मोठा दिवस आपल्याकडे नसतो, हे तिनंच एकदा मला सरांपेक्षा सोपं करून सांगितलं होतं. पण सूर्याचा उजेड तिच्या लेखी शेतीतली गोष्ट होती आणि देवळीतला दिवा घरातली. दोघांचा एकमेकांशी संबंध असेल असं तिच्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं होतं.

पट्टी सुटल्यावर सर पुन्हा मोजू लागले. एकेक कात भिंगाखाली धरायला त्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागे. जुलै संपत आला तसे ते खुशीत दिसू लागले. अंधाराच्या टाकीतल्या झिंग्यांनी खाणं फारसं कमी केलं नव्हतं. कात वेळेवर पडत होती. माद्या अंडी धरत होत्या. खिडकीतल्या टाकीत आणि अंधारातल्या टाकीत फरक नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. “यांच्या आत घड्याळ आहे,” सर म्हणत. “पक्कं. बाहेरचा अंधार यांना हलवत नाही. गोदावरीचे झिंगे क्रिलचं ऐकत नाहीत!” अक्का स्वयंपाकघरातून म्हणे, “नाशिकचेच ना. ऐकतील कुनाचं?” आणि सर मोठ्यानं हसत. गोव्याला त्यांनी सारांश धाडून दिला. मी मान खाली घालून जेवत असे.

ऑगस्टमधल्या त्या सोमवारी ते पूर्ण निबंध मला सांगत होते आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते. शेजारी त्यांची वही उघडी होती. तिच्यात ते अधूनमधून खुणा करत होते. अक्का कांदा साठवायच्या चाळीचं बघायला चार दिवस गावी गेली होती.

“दुसरा गट,” सर सांगत होते, “साठ दिवस संपूर्ण अंधारात ठेवण्यात आला.”

मी ‘संपूर्ण’ लिहिलं आणि थांबले.

“का थांबलीस?”

मग मी सांगितलं.

त्यांनी वेळ विचारली. मी म्हणाले, दिवेलागणीला, साधारण सातच्या सुमारास. किती वेळ? घटकाभर. तेल कुठलं? तिळाचं. टाकीपासून देवळी किती लांब? त्यांनी स्वतःच सांगितलं, साडेचार फूट. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तुला कधी कळलं?”

“जूनच्या मध्यावर.”

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. “पाच आठवडे उरले होते,” ते म्हणाले. “तेव्हा दिवा थांबला असता तर निदान ते पाच मिळाले असते.”

“रोज सातला दिवा, म्हणजे त्यांना घड्याळ बाहेरूनच मिळत होतं,” हे ते वहीकडे बघत म्हणाले. मग म्हणाले, “तेलाचा वास मलाही येत होता. रोज यायचा. मी अक्काला विचारलं नाही. आकडे मनासारखे येत होते ना.”

त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या रकान्यावर, शेऱ्याच्या रकान्यावर, बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे लिहा. कधी कळलं आणि कधी सांगितलं. तुमच्या हातानं लिहा.”

आम्ही घरात होतो. मी लिहिलं. ‘मला जूनमध्ये कळले. ऑगस्टमध्ये सांगितले.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोव्याला पोस्टकार्ड टाकलं. मला वाचून दाखवलं नाही, पण पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, आणि पोस्टकार्ड उघडंच असतं. ‘मी पाठवलेला सारांश मागे घेत आहे. प्रयोगातील अंधार पुरेसा नव्हता. तसदीबद्दल क्षमस्व.’ रेल्वेचं आरक्षण मी रद्द करून आले.

अक्का गावाहून परतायच्या आधी त्यांनी मला बजावलं, “तिला यातलं काही कळता कामा नये.” ती आली. संध्याकाळी चहा पिताना तिनंच धीर करून विषय काढला. “बापू, एक सांगू? रागवू नको. मी त्या देवळीत दिवा लावत होते, तुझ्या डोळ्यांसाठी.”

“असं होय,” सर म्हणाले. “तरीच.”

“फरक पडला का रे?”

“पडला तर. लावत जा.”

अक्काचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ती पुढे सरांकडेच राहिली आणि त्या दिवसापासून उघड दिवा लावू लागली. सर रोज सातला हाक मारून विचारत, “अक्का, लावलास?” आणि वहीत लिहीत : ‘दिवा – होय.’ झिंगे त्यांनी सोमेश्वरला नेऊन नदीत सोडले होते. म्हाताऱ्यानं विचारलं, “काय म्हनले मग?” सर म्हणाले, “त्यांचं उत्तर बरोबर असेल बाबा. प्रश्नच नीट विचारला गेला नाही.”

पुढच्या वर्षी मी सगळं मोजते, तुम्ही सांगा तसं, असं मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, “नको. मोजणारा बदलला की मोजमाप बदलतं.” त्यांनी हे आधीही म्हटलं होतं, आणि ते त्यांचं खरोखरचं मत होतं. तरी त्या वेळी मला ते वेगळं ऐकू आलं. पुढच्या मेपर्यंत त्यांच्या डाव्या डोळ्याला भिंगातूनही कात दिसेनाशी झाली.

त्या सोमवारपासून मी घरातही ‘तुम्ही’ झाले. एरवी त्यांच्या वागण्यात काही बदल झाला नाही. भाडं वाढवलं नाही, माझ्या आजारपणात मऊ भात करून वर पाठवला, वाचनालयात आलेल्या नव्या पुस्तकांबद्दल पूर्वीसारखंच विचारलं. फक्त तेवढं एक.

निवृत्तीनंतरही ते पहाटे गच्चीवर जात. दिसत नसताना जात. मी वर राहत असल्यानं मला त्यांची काठी ऐकू येई. उगवला का, असं ते मला विचारत आणि मी सांगे. मी वेळ वाचली की ते इमारतीची चार मिनिटं वजा करत.

अक्का दोन वर्षांनी गेली, गावी गेलेली असताना, चांदवडलाच, झोपेत. सर तेराव्यापर्यंत तिथे राहिले. परत आले त्या संध्याकाळी मी खाली गेले तर ते जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभे होते. एक हात भिंतीवर होता. ते पूर्वीपेक्षा लहान दिसत होते. शर्ट खांद्यांवरून उतरत होता.

“सात वाजले का?”

“वाजले.”

“अगं, मग लावलास का?”

मी पणती शोधली, तेल घातलं, वात केली. माझी काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा पेटली. मी सांगितलं, लावला. ते आत आले आणि टाकीच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले.

“माझं एक चुकलंच होतं,” ते म्हणाले. “अंधार आखताना मी चंद्र धरला नव्हता. तिकडे दोन महिने सूर्य नसतो, पण चंद्र असतो. माझ्या रात्रीत तो ठेवायचं मला सुचलं नाही. अक्कानं ठेवला.” मग म्हणाले, “वहीत लिही. होय म्हणून.”

त्यानंतर पाच वर्षं वहीत मी लिहिलं. ते गेले तेव्हा थंडी होती. त्यांच्या अंगात तोच स्वेटर होता.

काही वर्षांनी वाचनालयात आलेल्या एका विज्ञानमासिकात मी वाचलं, की उत्तर ध्रुवाच्या समुद्रात, सूर्य नसलेल्या महिन्यांत, पाण्यातले सूक्ष्म प्राणी चंद्राच्या उजेडाप्रमाणे वरखाली होतात. मी तो लेख दोनदा वाचला. तो कुणाला दाखवावा हे मला सुचलं नाही. मी अंकावर शिक्का मारला आणि तो फडताळात ठेवला.

घर आता अक्काच्या मुलाच्या नावावर आहे. तो चांदवडला असतो. खालच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. जिन्याखालच्या खोलीत दोन रिकाम्या टाक्या आहेत, लाल दिव्याचा होल्डर आहे, आणि देवळीच्या वर बोटभर काजळी आहे. वही वर माझ्याकडे आहे. तिच्यात सरांच्या अक्षरात तीन वर्षांचे आकडे आहेत, त्यानंतर दोन वर्षांचे ‘होय’ आहेत, त्यापुढचे ‘होय’ माझ्या अक्षरात आहेत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या रकान्यात माझीच दोन वाक्यं आहेत.